नववी ते बारावी: कॉलेजात गेल्यावर कळलेली पूर्वतयारी, क्रमाने

दहावीच्या निकालानंतरच्या आठवड्यात आमच्या इंदूरच्या रामबागेतल्या घरी जितके सल्ले आले, तितके पेढेही आले नसतील. विज्ञानच घे, कॉमर्सला स्कोप आहे, कोटाला पाठवा, कोटाला मुळीच पाठवू नका, असे ते सल्ले होते आणि ते देणाऱ्यांपैकी बहुतेकांना कॉलेजचे तोंड पाहून पंचवीस वर्षे उलटली होती. आता मी देवी अहिल्या विद्यापीठाच्या खंडवा रोडवरील तक्षशिला परिसरात तिसऱ्या वर्षाला आहे आणि माझी मामेबहीण यंदा नववीत गेली आहे. तिच्या निमित्ताने आम्ही शाळेपासूनचे पाचजण एका संध्याकाळी बसलो आणि नववीतल्या स्वतःला आज नेमके काय सांगितले असते, ते आठवू लागलो. सगळ्यांच्या बोलण्यात एक गोष्ट सारखी निघाली. आम्ही जिथे जिथे अडखळलो, तिथे धडा अवघड होता असे क्वचितच घडले होते. आम्हाला अडवले ते शाळेने ज्यांची परीक्षा कधी घेतलीच नाही अशा गोष्टींनी: फॉर्मवरचे नाव, न पाहता निवडलेला विषय, एकट्याने वाचता न येणारे पान आणि खिडकीपाशी उभे राहून तोंडातून न निघालेला प्रश्न. ही कामे ज्या इयत्तेत उरकायला हवी होती, त्याच क्रमाने पुढे मांडली आहेत.

नववी: आधी नाव तपासा

सीबीएसईच्या शाळांत नववीला आणि पुन्हा अकरावीला विद्यार्थ्यांची मंडळाकडे नोंदणी होते. नववीच्या नोंदणीत तुमचे आणि आईवडिलांचे नाव व जन्मतारीख जशी जाते, तशीच ती दहावीच्या गुणपत्रिकेवर उतरते, आणि पुढे प्रत्येक अर्जात तीच गुणपत्रिका जन्मतारखेचा पुरावा म्हणून मागितली जाते. या नोंदणीचा कागद शाळा पालकांच्या सहीसाठी घरी पाठवते आणि बहुतेक घरांत ती सही सकाळी डबा भरण्याच्या गडबडीत होऊन जाते.

इंदूरच्या मराठी घरांत ही अडचण इतरांपेक्षा थोडी जास्तच येते. आपल्याकडे वडिलांचे नाव मध्ये लावण्याची पद्धत आहे, इथल्या शाळा बहुधा नाव आणि आडनाव एवढेच लिहितात, आणि आधारवर काय छापले आहे ते त्या दिवशी केंद्रावर कोण बसले होते यावर अवलंबून असते. शिवाय हिंदीत भरल्या जाणाऱ्या दाखल्यांत आपल्या 'ळ'चा 'ल' होतो, त्यामुळे काळे हे काले होतात आणि पिंपळे पिंपले होतात. माझ्या आधारवर वडिलांचे नाव होते, गुणपत्रिकेवर नव्हते आणि मूल निवासी (म्हणजे राज्याचे रहिवासी असल्याच्या) दाखल्यावर आडनावाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक 'ए' जास्तीचा होता. काउन्सेलिंगच्या, म्हणजे कॉलेजच्या जागा वाटण्याच्या, वेळी कागद तपासणाऱ्या बाबूंनी तिन्ही कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवले आणि शांतपणे म्हणाले, "तीनों आप ही हो, हमको तो दिख रहा है, पर कंप्यूटर को कैसे दिखाएँ?" त्यानंतर प्रतिज्ञापत्र, आधार केंद्र, लोकसेवा केंद्र आणि पुन्हा आधार केंद्र अशा फेऱ्यांत आठ दिवस गेले, आणि कागदपत्रे स्वीकारण्याची मुदत संपायला एक दिवस उरला असताना माझे काम झाले.

हे टाळण्यासाठी एक रविवार पुरतो. जन्मदाखला, आधार, समग्र आयडीचा (मध्य प्रदेश सरकारच्या कुटुंब-ओळख क्रमांकाचा) तपशील आणि शाळेच्या नोंदणीचा कागद असे चार कागद जमिनीवर एका ओळीत मांडा. एकाने इंग्रजी स्पेलिंग अक्षर अक्षर सुटे मोठ्याने वाचावे आणि दुसऱ्याने बोट ठेवून तपासावे, कारण डोळा स्वतःच्या नावातली चूक सहज गिळतो. जन्मदाखल्यावरचे रूप प्रमाण मानून बाकीचे कागद त्याला जुळवून घ्या. आधारवरील नाव आयुष्यात दोनदाच आणि जन्मतारीख एकदाच बदलता येते, त्यामुळे घाईने दुरुस्तीला जाऊ नका. घरात चर्चा होऊन एक रूप ठरल्यावरच जा. पंधरा वर्षे पूर्ण झाल्यावर आधारचे बायोमेट्रिक नव्याने नोंदवावे लागते, ती फेरी नाहीतरी होणारच असते, तेव्हा नावाची दुरुस्तीही तिच्यातच उरकावी. बोटांचे ठसे न जुळण्याचा शोध मोठ्या प्रवेश परीक्षेच्या दारात लागणे फार वाईट.

दहावीनंतरच्या सुट्टीत लोकसेवा केंद्रातून मूल निवासी दाखला काढून घ्या, आणि लागू असेल तर जातीचा दाखलाही. उत्पन्नाचा दाखला मात्र शिष्यवृत्तीच्या वेळी ताजाच मागतात, त्यामुळे त्याची घाई नको. स्वतःच्या नावाचे बँक खाते उघडून ते आधारशी जोडून ठेवावे, कारण सरकारी शिष्यवृत्त्या थेट त्यातच जमा होतात. राज्य सरकार कॉलेजची फी भरते त्या मुख्यमंत्री मेधावी विद्यार्थी योजनेसाठी मध्य प्रदेश मंडळाच्या बारावीत ७० टक्के किंवा सीबीएसईच्या बारावीत ८५ टक्के लागतात, शिवाय उत्पन्नाची मर्यादाही असते. हा आकडा मला बारावीचा निकाल लागल्यावर कळला. दोन वर्षे आधी कळला असता तर घरी फीबद्दलचे बोलणे वेगळे झाले असते.

नववी आणि दहावी: पुस्तक मिटून अभ्यास करायला शिका

शाळेत माझा अभ्यास म्हणजे पुन्हा पुन्हा वाचणे आणि पिवळ्या पेनाने रेघा मारणे. दहावीचे माझे विज्ञानाचे पुस्तक अजून घरी आहे. त्यातल्या रासायनिक अभिक्रियांच्या धड्यात पिवळे इतके झाले आहे की जी एखादी ओळ रंगवायची राहिली, तीच महत्त्वाची वाटते.

या सवयीची तपासणी फार पूर्वीच झालेली आहे. अमेरिकेतील रोडिगर आणि कार्पिकी या दोन मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांच्या एका गटाने एक उतारा चार वेळा वाचला, तर दुसऱ्या गटाने तो एकदाच वाचून तीन वेळा न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर घेतलेल्या चाचणीत मात्र वाचणाऱ्यांना सुमारे ४० टक्के भाग आठवला आणि आठवून लिहिणाऱ्यांना सुमारे ६१ टक्के. पुन्हा वाचताना मजकूर ओळखीचा वाटतो आणि तो येतो असा भास होतो. खरी गोम त्या भासात आहे. परीक्षेच्या आदल्या रात्री 'सगळे झाले' असे वाटून झोपलेली मुले सकाळी कोऱ्या कागदापुढे का थबकतात, त्याचे उत्तर मला तिथे मिळाले.

करायचे ते असे. धडा एकदा समजून वाचावा, पुस्तक मिटावे आणि कोऱ्या कागदावर जे आठवेल ते स्वतःच्या शब्दांत, वेडेवाकडे का होईना, लिहून काढावे. मग पुस्तक उघडून सुटलेला भाग लाल शाईने भरावा. दुसऱ्या दिवशी तोच धडा पुन्हा कागदावर उतरवावा, त्यानंतर चार दिवसांनी आणि मग पंधरा दिवसांनी. पहिल्या दिवशी पान लालेलाल होते आणि वाईट वाटते, त्यामुळे पुष्कळजण तिथेच ही पद्धत सोडतात. लाल भाग कमी होत जाताना दिसू लागेपर्यंत, म्हणजे साधारण तीन आठवडे, धीर धरावा लागतो. गणिताला हीच गोष्ट सोडवलेल्या उदाहरणांच्या बाबतीत लागू आहे: सरांनी फळ्यावर सोडवलेले गणित समजणे आणि घरी येऊन ते झाकून सोडवता येणे यांत जे अंतर असते, तेवढाच तुमचा खरा अभ्यास बाकी असतो.

दहावीनंतर: विषय निवडण्याआधी पाहून या

विषयनिवड उलट्या बाजूने करावी. आधी शाखा आणि मग तिच्यातून काय होता येईल, असा विचार आम्ही केला. प्रत्यक्षात ज्या दोनतीन अभ्यासक्रमांचा थोडा तरी ओढा वाटतो, त्यांची पात्रता आधी वाचावी आणि मग अकरावीचे विषय ठरवावेत. गणिताच्या बाबतीत हे विशेष खरे आहे. दिल्ली विद्यापीठात अर्थशास्त्राच्या ऑनर्स अभ्यासक्रमाला गणित आवश्यक आहे. आपल्याच शहरातल्या आयआयएममध्ये २०११ पासून बारावीनंतरचा पाच वर्षांचा अभ्यासक्रम चालतो. त्याला बारावीला गणित असण्याची अट नाही, पण प्रवेश परीक्षेच्या तीन भागांपैकी दोन गणिताचे असतात. सीबीएसईत दहावीला गणिताचे 'बेसिक' आणि 'स्टँडर्ड' असे दोन पर्याय आहेत, आणि 'बेसिक' घेतल्यावर अकरावीत कोणते गणित मिळेल याचा नियम मधल्या वर्षांत बदलत आला आहे, तेव्हा दहावीचा परीक्षा अर्ज भरण्यापूर्वीच शाळेत विचारून घ्यावे. गणित नकोसे वाटते एवढ्याच कारणाने ते सोडणाऱ्या माझ्या मैत्रिणीने पुढे दोन वर्षे खाजगी शिकवणी लावून तेच गणित शिकले.

पात्रता वाचून झाली की प्रत्यक्ष जाऊन या. या शहरात ती सोय आयती आहे: १८९१ साली स्थापन झालेले होळकर सायन्स कॉलेज, १९५२ चे एसजीएसआयटीएस हे अभियांत्रिकी कॉलेज आणि विद्यापीठाचे विभाग हे सगळे एका सिटी बसच्या अंतरावर आहेत, आणि आम्ही पाचांपैकी चौघांनी आपले कॉलेज प्रवेशाच्या दिवशीच पहिल्यांदा पाहिले. जाताना पालकांना घेऊन प्राचार्यांच्या खोलीत बसण्यापेक्षा कँटीनजवळ दुसऱ्या वर्षाचा एखादा विद्यार्थी गाठावा. पहिल्या वर्षाच्या मुलांना अजून काही कळलेले नसते आणि शेवटच्या वर्षाच्या मुलांना नोकरीशिवाय काही सुचत नाही. 'कोर्स कसा आहे' असे विचारू नका, कारण त्याला 'बढिया है' याशिवाय उत्तर मिळत नाही. काल दिवसभर काय केले, शेवटची असाइनमेंट कोणती होती आणि ती करायला किती वेळ लागला, कोणत्या विषयात वर्गातली अर्धी मुले अडकतात, असे विचारा. घरी आल्यावर विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून पहिल्या सत्राचा अभ्यासक्रम काढा, त्यात दिलेल्या पुस्तकांपैकी एक ग्रंथालयातून मिळवा आणि त्याची दहा पाने वाचा. सगळे कळणे अपेक्षित नाही. अकरावे पान उलटावेसे वाटते की नाही, एवढेच पाहायचे आहे.

शिकवणीबद्दल माझे मत घरातल्या सगळ्यांना पटत नाही, तरीही लिहिते. भंवरकुआ आणि गीता भवन परिसरातल्या पाट्यांवरचे फोटो हे तिथे शिकून गेलेल्या निवडक मुलांचे असतात. तुमच्या तुकडीत कोण शिकवणार, हे त्यांवरून कळत नाही. जे शिक्षक प्रत्यक्ष शिकवणार आहेत त्यांचेच दोन वर्ग बसून पाहिल्याशिवाय पैसे भरू नयेत. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या जानेवारी २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत सोळा वर्षांखालील मुलांना शिकवणी वर्गात प्रवेश देऊ नये आणि मुलाने मध्येच वर्ग सोडल्यास उरलेल्या काळाची फी दहा दिवसांत परत करावी, असे म्हटले आहे, त्यामुळे फी परतीचा नियम पावतीवर लेखी मागायला संकोच करण्याचे कारण नाही. नावापुरत्या शाळेत नोंदणी करून दिवसभर शिकवणीत बसण्याचा मार्ग तर धोक्याचाच आहे, कारण सीबीएसईला ७५ टक्के हजेरी लागते. आणि दोन वर्षे शाळाच नसेल तर प्रयोगशाळा, मित्र आणि मैदान ही तिन्ही एकदम जातात, हे कोणत्याही माहितीपत्रकात छापलेले नसते.

अकरावी: तीन भाषांचा हिशेब

आपण घरी मराठी बोलतो, गल्लीत आणि वर्गात हिंदी आणि पुस्तकात इंग्रजी वाचतो. शाळेत हे खपून जाते, कारण शिक्षक हिंदीत समजावतात आणि इंग्रजी उत्तर पाठ करता येते. कॉलेजात पहिल्याच महिन्यात चाळीस पानांचे प्रकरण 'वाचून या' असे सांगतात आणि त्यावर कोणी नोट्स देत नाही. मी तेव्हा एका पानाला पाऊण तास घेत होते, आणि ही गोष्ट मैत्रिणींनाही सांगितली नव्हती.

यावर मला ज्याचा उपयोग झाला, ती पद्धत आमच्या आजीमुळे सापडली. ती दुपारी निवडटिपण करायला बसली की विचारायची, आज काय शिकलीस? तिला महागाई कशी मोजतात ते मराठीत सांगताना माझ्या लक्षात आले की मधला एक दुवा मलाच ठाऊक नाही, कारण आजीने सरळ विचारले, "पण कोणत्या वस्तू धरायच्या ते ठरवतं कोण?" उत्तर शोधून तिला सांगितल्यावर तीच गोष्ट मी इंग्रजीत पाच वाक्यांत लिहिली, आणि पुस्तकातले पान पुन्हा उघडले तेव्हा ते निम्म्या वेळात वाचून झाले. अकरावीपासून रोज एक पान असे केले तर दोन वर्षांत वाचनाचा वेग आपोआप येतो: आधी ज्या भाषेत विचार करता तीत समजवा, मग इंग्रजीत थोडक्यात लिहा. हिंदी माध्यमातून आलेल्यांनी पारिभाषिक शब्दांची एक वही करावी. २०२२ मध्ये मध्य प्रदेशात वैद्यकीय शिक्षणाची हिंदी पुस्तके निघाली, त्यांतही इंग्रजी संज्ञाच देवनागरीत ठेवलेल्या आहेत, म्हणजे इंग्रजी संज्ञा शिकणे कोणालाच टळत नाही. सीयूईटी या विद्यापीठांच्या सामाईक प्रवेश परीक्षेच्या तेरा भाषांत मराठी आहे, त्यामुळे ती भाषेची चाचणी म्हणून घेता येते, पण घरी बोलतो म्हणून ती सोपी जाईल असे समजू नये. मराठी उतारे वाचण्याचा सराव आपल्याला नसतो. महाराष्ट्र साहित्य सभेच्या ग्रंथालयाची वाट धरली तर तो होईल.

याच वर्षी संगणकाची तीन साधी कामे शिकून घ्या: दोन्ही हातांनी टंकलेखन, कोष्टकात हिशेब मांडणे आणि नीट विषय लिहून ईमेल पाठवणे. यांना शिकवणी लागत नाही.

बारावी: अर्जांची वही

बारावीत अभ्यासापेक्षा तारखा जास्त चुकतात. एका जाड वहीत प्रत्येक परीक्षेला एक पान द्या आणि त्यावर अर्जाची शेवटची तारीख, भरलेली फी, अर्ज क्रमांक आणि पासवर्ड लिहा. अभियांत्रिकीच्या जेईई मेन या प्रवेश परीक्षेची पहिली फेरी जानेवारीत असते, म्हणजे तिचा अर्ज दिवाळीच्या आसपासच भरावा लागतो, आणि एनआयटी या केंद्रीय अभियांत्रिकी संस्थांसाठी त्यातल्या क्रमांकाबरोबर बारावीला ७५ टक्के गुण किंवा मंडळाच्या वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये असणेही लागते. राज्यातील अभियांत्रिकीचे प्रवेश जेईईच्या क्रमांकावर राज्याच्या काउन्सेलिंगमधून होतात. शासकीय आणि बहुतेक खाजगी महाविद्यालयांतले बीए, बीएससी, बीकॉमचे प्रवेश उच्च शिक्षण विभागाच्या ई-प्रवेशमधून होतात. आमच्या विद्यापीठाच्या अनेक विभागांना २०२२ पासून सीयूईटी लागते. २०२५ च्या सीयूईटीत जास्तीत जास्त पाच विषय घेता येत होते, प्रत्येकात ६० मिनिटांत ५० प्रश्न होते, बरोबर उत्तराला पाच गुण आणि चुकीच्या उत्तराला एक वजा. विषय निवडताना विभागाच्या माहितीपत्रकात कोणता विषय मागितला आहे ते अर्ज भरण्यापूर्वी पाहा. माझ्या वर्गातल्या एकाने भलताच विषय निवडला आणि चांगले गुण मिळवूनही त्याचे एक वर्ष गेले.

मोबाइल क्रमांक आणि ईमेल स्वतःचा द्यावा. ऑनलाइन अर्ज भरून देणाऱ्या कियॉस्कवाल्याचा क्रमांक टाकून भरलेल्या अर्जाचा ओटीपी त्याच्याच फोनवर जातो आणि तो नेमका त्याच दिवशी गावी गेलेला असतो.

याच वर्षी मन जड होते. तीन आठवडे झोप लागत नसेल, जेवण जात नसेल किंवा सगळे संपवावे असे विचार येत असतील, तर परीक्षा होईपर्यंत थांबू नका. घरातल्या एका मोठ्या माणसाला त्याच दिवशी सांगा किंवा १४४१६ या टेली-मानसच्या (सरकारच्या मानसिक आरोग्य सेवेच्या) विनामूल्य क्रमांकावर बोला. तिथे दिवसरात्र माणूस असतो आणि हिंदी-मराठीत बोलता येते.

बारावीनंतरची सुट्टी

या अडीच महिन्यांत वरणभात आणि पोळी करायला शिका, एकट्याने डॉक्टरांकडे जाऊन या, आणि बँकेत किंवा सरकारी कार्यालयात एक काम आईबाबांना बाहेर उभे करून स्वतः पार पाडा. खिडकीपाशी बोलताना काय हवे ते एका वाक्यात सांगावे, कोणते कागद लागतील ते लिहून घ्यावे आणि समोरच्याला 'परत कधी येऊ' असे विचारून तारीख घ्यावी. मला पहिल्या वर्षी ग्रंथालयाचे ओळखपत्र मिळायला दीड महिना लागला, कारण मी दोनदा दारातून डोकावून, रांग पाहून परत आले होते.

मामेबहिणीच्या शाळेतून परवा नोंदणीचा कागद सहीसाठी घरी आला. तिने आणि मामीने चारही कागद ओट्यावर मांडून अक्षर अक्षर वाचले, तेव्हा मामीच्या नावात एक अक्षर गाळलेले निघाले. दुसऱ्या दिवशी तिने ते वर्गशिक्षिकेला दाखवले आणि मॅडमनी तिच्यासमोरच लाल पेनाने दुरुस्त करून शेजारी सही केली.